मार्गासनी ते भोर : कॅल्क्युलसचा एक दिवस

पहाटे ४.४५

या वेळेला मी वाचत नाही, लिहिते. पुस्तक मिटलेलं असतं. पाठकोरे कागद, पेन आणि आदल्या रात्री ठरवलेली एकच गोष्ट: एक व्याख्या, एक प्रमेय किंवा एक उदाहरण. आज लिमिट आहे.

मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित, कॉलेज भोरला, घर वेल्ह्याकडे, मार्गासनीच्या अलीकडे. या सत्रात आम्हाला अनेक चलांचं कॅल्क्युलस आहे. पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस सूत्रं पाठ करून आणि भरपूर गणितं सोडवून निभावता येतं. हे तसं निभत नाही. इथे आधी बघावं लागतं, मग बोलावं लागतं, आणि हिशेब सगळ्यांत शेवटी येतो. हा क्रम अंगवळणी पडला की विषय आपलासा होतो. मला तो पहाटेच्या या कागदांनी दिला, म्हणून हे सांगते आहे.

लिमिटची व्याख्या मी आधी मराठीत, तोंडानं म्हणते. समोरच्यानं कितीही बारीक अट घालावी: फलनाची किंमत अमुक संख्येपासून एवढ्याशाच अंतरात राहिली पाहिजे. मला त्या बिंदूभोवती असं एक वर्तुळ दाखवता आलं पाहिजे की मधला बिंदू सोडून त्या वर्तुळात कुठेही गेलं तरी अट पाळली जाते. अटीचं माप एप्सिलॉन, वर्तुळाची त्रिज्या डेल्टा. अट आधी येते, वर्तुळ नंतर. हे न अडखळता म्हणता आलं की मगच पेपरात लिहायची तशी इंग्रजीत कागदावर उतरवते.

मग उदाहरण. एका चलात बिंदूकडे यायला दोनच बाजू असतात, डावी आणि उजवी. प्रतलात वाटांना अंत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. एक्स वर्ग गुणिले वाय, भागिले एक्सचा चौथा घात अधिक वायचा वर्ग, हे फलन घ्या आणि मूळबिंदूकडे या. कुठल्याही सरळ रेषेवरून या, म्हणजे वायच्या जागी एम गुणिले एक्स घाला. अंशात आणि छेदात एक्सचा वर्ग समान आहे, तो गेला की वर एम एक्स राहतं आणि खाली एक्स वर्ग अधिक एम वर्ग. एक्स शून्याकडे गेला की सगळं शून्य. अक्षांवरूनही शून्यच. म्हणजे अगणित वाटा तपासल्या आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. आता वाय बरोबर एक्स वर्ग या पॅराबोलावरून या. वर एक्सचा चौथा घात, खाली त्याची दुप्पट. मूळबिंदूच्या कितीही जवळ जा, किंमत अर्धीच राहते. म्हणून लिमिट नाही.

हे उदाहरण ज्यानं हातानं एकदा नीट केलं, तो पुढे कधीही दोन-चार वाटा तपासून "लिमिट आहे" असं लिहिणार नाही. वाटा फक्त लिमिट नाही हे दाखवायला उपयोगी. आहे हे दाखवायचं तर असमताच लागते. उदाहरणार्थ, एक्स वर्ग गुणिले वाय, भागिले एक्स वर्ग अधिक वाय वर्ग. एक्स वर्ग हा एक्स वर्ग अधिक वाय वर्गापेक्षा मोठा असूच शकत नाही, म्हणून सगळ्या राशीचं निरपेक्ष मूल्य वायच्या निरपेक्ष मूल्याएवढं किंवा त्याहून कमी, आणि ते मूळबिंदूपासूनच्या अंतराहून जास्त नाही. डेल्टा म्हणजे एप्सिलॉनच घ्या, काम झालं. तीन ओळी, पण प्रत्येक ओळीला कारण आहे. दोन्ही फलनं दिसायला सख्खी भावंडं वाटतात, फरक फक्त छेदातल्या घाताचा. त्यांना मी मुद्दाम एकाच कागदावर समोरासमोर लिहिते.

६.१५

गोठा, झाडलोट, धारा. आप्पा दूध डेअरीत घालायला जातात, आई चुलीपुढे. या वेळेत डोक्यात गणित ठेवायचं नाही असं मी ठरवून टाकलंय. हाताचं काम चालू असताना पहाटेचं लिहिलेलं आपोआप मुरतं.

७.००

स्वारगेटला जाणारी वेल्ह्याची एसटी. चेलाडी फाट्याला उतरायचं आणि पुण्याहून येणारी भोरची गाडी धरायची. पासावर प्रवास होतो, पण खिडकी मिळेलच असं नाही. एसटीत लिहिता येत नाही आणि हलत्या गाडीत वाचून डोकं चढतं. म्हणून हा वेळ मी बघण्यासाठी ठेवलाय, आणि आमच्या भागात बघण्यासारखं जेवढं आहे तेवढं कुठल्याही पुस्तकाच्या आकृतीत नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतारावर भातखाचरं आहेत. सध्या इंद्रायणीला लोंब्या धरायला लागल्यात. खाचरात पाणी सपाट उभं राहायला हवं, म्हणून त्याचा बांध एकाच उंचीवरून फिरवावा लागतो. म्हणजे जमिनीची उंची हे जर दोन चलांचं फलन मानलं, तर प्रत्येक बांध ही त्या फलनाची लेव्हल कर्व्ह आहे, नकाशातली समोच्च रेषा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर या रेषा दर २० मीटर उंचीला एक अशा काढलेल्या असतात. आमच्या शेतकऱ्यानं त्या जमिनीवरच काढून ठेवल्यात, आणि त्याही कितीतरी बारीक अंतरानं. चढ उभा असेल तिथे खाचरं अरुंद होतात आणि बांध एकमेकांजवळ येतात. तिथे ग्रेडियंट मोठा. नदीकाठाला खाचरं ऐसपैस पसरतात. तिथे ग्रेडियंट लहान. बांध फुटला की पाणी ज्या दिशेनं पहिली धाव घेतं ती बांधाला काटकोनात असते. ग्रेडियंट लेव्हल कर्व्हला लंब असतो आणि सर्वाधिक चढाची दिशा दाखवतो, हे प्रमेय मला सिद्धतेसकट येतं, कारण ते खोटं ठरलं असतं तर आमच्या खाचरातलं पाणी वेगळं वागलं असतं.

एसटी चढाला लागली की चेन रूल. उंची एक्स आणि वायवर अवलंबून, एक्स आणि वाय वेळेवर. दर सेकंदाला आपण किती वर चढतो आहोत? ग्रेडियंट आणि गाडीचा वेग या दोन सदिशांचा डॉट प्रॉडक्ट. गाडी बांधाच्या दिशेनं चालली तर दोन्ही काटकोनात, उत्तर शून्य. मुक्कामाला पोचेपर्यंत असा एखादा विचार पूर्ण झाला तरी प्रवास सार्थकी लागला.

९.३०

वर्गात सर फळ्यावर भराभर लिहितात. सगळं उतरवून घ्यायचा मोह होतो. मी वहीचं पान मधोमध दुमडते. डावीकडे फळ्यावरचं, उजवीकडे फक्त माझे प्रश्न. आज फलनाची डिफरन्शिएबिलिटी आहे, आणि या सत्रातला हा सगळ्यांत महत्त्वाचा तास आहे असं माझं मत आहे.

एका चलात डेरिव्हेटिव्ह असणं आणि डिफरन्शिएबल असणं एकच. तीच सवय घेऊन मुलं इथे येतात आणि दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह काढले की काम संपलं असं धरून चालतात. एक्स गुणिले वाय, भागिले एक्स वर्ग अधिक वाय वर्ग, आणि मूळबिंदूवर किंमत शून्य दिलेली. दोन्ही अक्षांवर फलन शून्यच आहे, म्हणून मूळबिंदूवर दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह आहेत आणि शून्य आहेत. पण वाय बरोबर एक्स या रेषेवर किंमत सतत अर्धी. फलन तिथे कंटिन्युअससुद्धा नाही, मग डिफरन्शिएबल कुठून असणार? पार्शल डेरिव्हेटिव्ह दोनच दिशा बघतात. डिफरन्शिएबल म्हणजे त्या बिंदूपाशी पृष्ठभागाला एक स्पर्शप्रतल असं टेकवता येतं की बिंदूच्या जवळ जाताना प्रतल आणि पृष्ठभाग यांतली चूक ही अंतरापेक्षाही वेगानं शून्याकडे जाते. पार्शल डेरिव्हेटिव्ह आसपास सगळीकडे असतील आणि त्या बिंदूवर कंटिन्युअस असतील, तर मात्र डिफरन्शिएबिलिटीची खात्री मिळते.

माझ्या उजव्या बाजूच्या रकान्यात प्रत्येक प्रमेयाखाली एकच प्रश्न असतो: यातली ही अट काढली तर काय मोडतं? प्रत्येक अटीमागे तिची गरज दाखवणारं एक उदाहरण असतं, आणि ते सापडेपर्यंत प्रमेय आपलं झालेलं नसतं. तास संपल्यावर मी सरांना थांबवून विचारते. "सर, उलट खरं आहे का? डिफरन्शिएबल आहे म्हणजे पार्शल कंटिन्युअस असतीलच का?" सर म्हणाले, "नाही. उदाहरण तू शोध, उद्या मला दाखव." असा प्रश्न घेऊन वर्गाबाहेर पडणं मला दहा सोडवलेल्या गणितांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलींना मी आवर्जून सांगते: प्रश्न मराठीत विचारा. इंग्रजी जुळवत बसलात तर प्रश्न जिभेवरच विरघळतो आणि सर पुढच्या वर्गावर जातात.

११.३०

ग्रंथालय. पुस्तकांबद्दल माझं म्हणणं ठाम आहे: एक गणितांसाठी, एक समजण्यासाठी, तिसरं नको. गणितांसाठी शांती नारायण यांचं जुनं पुस्तक किंवा थॉमस यांचं कॅल्क्युलस, दोन्ही चालतात. समजण्यासाठी सुधीर घोरपडे आणि बाळमोहन लिमये या आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांचं पुस्तक. एका चलावरचं त्यांचं पुस्तक २००६ मध्ये आलं, अनेक चलांवरचं २०१० मध्ये. ते जड आहे, एका तासात एखादं पानच पुढे सरकतं. पण एका चलातली कुठली गोष्ट दोन चलांत टिकते आणि कुठली कोसळते, हे त्यात जितकं काटेकोर सांगितलंय तितकं परीक्षेसाठीच्या पुस्तकांत सापडत नाही.

आज डबल इंटिग्रल. ई चा वाय वर्ग हा घात, वाय एक्सपासून १ पर्यंत, एक्स ० पासून १ पर्यंत. दिलेल्या क्रमानं जायचं तर आतलंच इंटिग्रल अडतं, कारण ई च्या वाय वर्ग घाताचं अँटिडेरिव्हेटिव्ह ओळखीच्या फलनांत लिहिताच येत नाही. मी पेन खाली ठेवून प्रदेश काढते. तीन कोपरे, एक त्रिकोण. तोच त्रिकोण आडवा बघितला तर वाय ० ते १ आणि एक्स ० ते वाय. आता आतून एक वाय बाहेर पडतो आणि तोच हवा होता. उत्तर ई वजा १, भागिले २. सगळं गणित त्या त्रिकोणात होतं. पेपरात जागा कमी असली तरी आकृती काढाच. पोलर कोऑर्डिनेट्स वापरताना आमच्यात सर्वांत जास्त गुण जातात ते आर हा जॅकोबियन लिहायचा राहतो म्हणून. छोटासा कोन आणि छोटीशी त्रिज्या घेऊन तो वाकडा चौकोन एकदा स्वतः काढला, तर त्याची एक बाजू आर गुणिले कोन आहे हे दिसतं, आणि आर विसरला जात नाही.

१.००

डबा. तांदळाची भाकरी आणि घेवड्याचं कालवण, चौघींचं मिळून.

१.३०

रिकामा वर्ग, खडू आणि आम्ही चौघी. नियम एकच: जिला येत नाही ती फळ्यापाशी जाते, जिला येतं ती बाकावर बसून फक्त प्रश्न विचारते. येणारीनं फळा बळकावला की बाकीच्या माना डोलावतात आणि घरी गेल्यावर कोऱ्या राहतात.

आज मॅक्सिमा-मिनिमा. ग्रेडियंट शून्य असलेला बिंदू मिळाला, पुढे काय? एक मैत्रीण सूत्र लिहिते: एफ एक्स-एक्स गुणिले एफ वाय-वाय, वजा एफ एक्स-वायचा वर्ग. धन असेल तर एफ एक्स-एक्सचं चिन्ह बघून मॅक्सिमम किंवा मिनिमम, ऋण असेल तर सॅडल. "सॅडल म्हणजे काय गं?" बाकावरून प्रश्न. ती गप्प. मग मीच विचारलं, "पाबे घाटानं खानापूरला गेलीस ना कधी?" वेल्ह्याहून रस्ता चढत खिंडीत जातो आणि पलीकडे उतरतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला खिंड ही सर्वांत उंच जागा. पण डोंगराच्या धारेवरून चालत आलेल्याला तीच सर्वांत खालची, कारण दोन्ही अंगांना धार वर चढते. जमीन तिथे क्षणभर सपाट आहे, ग्रेडियंट शून्य आहे, आणि तरी ती ना शिखर ना तळ. तिनं लगेच एक्स वर्ग वजा वाय वर्ग लिहिलं आणि दोन दिशांनी दोन पॅराबोला काढले, एक वर उघडणारा, एक खाली.

त्यातूनच लॅग्रांजकडे गेलो. रस्ता ठरलेला आहे, त्यावरच राहायचं आहे. रस्त्यातली सर्वांत उंच जागा कुठली? त्या जागी रस्ता समोच्च रेषेला छेदून वर जात असेल, तर अजून पुढे वर जाता येईल, म्हणजे ती सर्वांत उंच नव्हेच. म्हणून तिथे रस्ता समोच्च रेषेला स्पर्श करून जातो. दोन्हींचे लंब एकाच रेषेत येतात: उंचीला एफ आणि रस्ता ठरवणाऱ्या फलनाला जी म्हटलं, तर एफचा ग्रेडियंट बरोबर लॅम्डा गुणिले जीचा ग्रेडियंट, मात्र जीचा ग्रेडियंट त्या जागी शून्य नको. लॅम्डाचं समीकरण पाठ करणाऱ्यांना ही अट बहुधा माहीत नसते. आणि खिंडीत काय होतं? तिथे एफचाच ग्रेडियंट शून्य, मग लॅम्डा शून्य. समीकरण तरीही पाळलं गेलं. यावर आमचा बराच वेळ वाद चालला, आणि तो दिवसातला सर्वांत आनंदाचा वेळ होता.

सूत्राची किंमत शून्य आली तर? तर सूत्र काहीच सांगत नाही. एक्सचा चौथा घात अधिक वायचा चौथा घात याला मूळबिंदूवर मिनिमम आहे, वजा केला तर सॅडल. दोन्हींत सूत्राची किंमत शून्य. तिथे परत हातानं बघावं लागतं.

४.००

परतीची गाडी. भोर सोडलं की थोड्याच वेळात भाटघर धरण. वेळवंडी नदीवरचं हे लॉईड धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झालं. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २.८३ कोटी घनमीटर. म्हणजे भाटघर भरलं की ६६ कोटी घनमीटरांच्या आसपास पाणी. हा आकडा कुणी बादलीनं मोजलेला नाही. पाण्याखालच्या जमिनीवर प्रत्येक ठिकाणची खोली हे दोन चलांचं फलन, आणि तिचं सगळ्या जलाशयाच्या क्षेत्रावरचं डबल इंटिग्रल म्हणजे साठा. अभियंते ते आडव्या थरांनी करतात: प्रत्येक उंचीला पाणी किती क्षेत्र व्यापतं ते समोच्च रेषांवरून मोजायचं आणि थर जोडत जायचं. क्रम बदलून इंटिग्रेट करण्याचाच हा प्रकार. त्यातूनच दिसतं की साठ्याचं पातळीनुसार डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या पातळीला पाण्याचं क्षेत्रफळ. दरी वर रुंद होत जाते, म्हणून काठोकाठ आलेल्या धरणाची पातळी एक फूट वाढायला तळाशी लागलं त्याहून कितीतरी जास्त पाणी लागतं. पावसाळ्याच्या अखेरीला पातळी हळूहळू सरकते त्यामागे ओढ्यांचा कमी झालेला जोर असतोच, पण हे डेरिव्हेटिव्हही असतं.

६.००

घरी आल्यावर वाडीतली बारावीची मुलं येतात. त्यांना डेरिव्हेटिव्ह शिकवताना मी भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीची गोष्ट सांगते. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाची दिवसभराची सरासरी गती पुरत नाही, त्या क्षणाची गती हवी, हा विचार आहे. मुलांना ते पटकन भिडतं. शिकवण्याचा फायदा माझा जास्त आहे. वरच्या कॅल्क्युलसमध्ये अडखळणारे बहुतेक जण नव्या कल्पनेपाशी अडखळत नाहीत. त्रिकोणमितीची नित्यसमीकरणं, अपूर्णांकांची बेरीज, पार्ट्सनं इंटिग्रेशन यांत हात कच्चा असतो, आणि दोष नव्या विषयाच्या माथी जातो. ज्याला पुढच्या सत्रात हा विषय आहे, त्यानं सुट्टीत अनेक चलांचं पुस्तक उघडू नये. बारावीचं इंटिग्रेशन पुन्हा पूर्ण करावं.

आजी माझी वही उलटून बघते. "आकडे कुठं दिसत न्हाईत गं पोरी, नुसते डोंगरच काढलेत की." मी तिला खाचरांच्या बांधाचं सांगते. ती म्हणते, "मग बांध घालताना आमाला इचारायचं होतं."

८.३०

जेवणानंतर दीड तास, आणि तो फक्त गणितांचा. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. घड्याळ लावून, पुस्तक न उघडता, उत्तर पाहण्याआधी उत्तर पडताळून. डेरिव्हेटिव्ह काढलं तर एखाद्या सोप्या बिंदूवर किंमत घालून बघायची. घनफळ ऋण आलं तर मर्यादा तपासायच्या. अडलं तर वीस मिनिटं झुंजायचं, मग उत्तरातली फक्त पहिली ओळ बघायची आणि पुन्हा मिटायचं. रेंज असेल तर मोबाईलवर जिओजेब्रात पृष्ठभाग फिरवून बघते, पण आधी हातानं काढल्याशिवाय नाही. डेनिस ओरू यांचे एमआयटीत घेतलेले अनेक चलांवरचे तास आणि एनपीटीईएलचे तास फुकट आहेत. रविवारी एखादा ऐकते. रोज ऐकत बसलं की समजल्यासारखं वाटतं आणि हात चालत नाही.

पुढे एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षा आहे: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, आणि दोन-तीन चलांची फलनं तिच्या अभ्यासक्रमात आहेतच. १९९३ साली प्रा. एस. कुमारेसन यांनी सुरू केलेली एमटीटीएसची गणिताची उन्हाळी शिबिरंही आहेत, जिथे शिक्षक सांगत नाहीत, मुलांकडून काढून घेतात. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान, ही गणिताची संस्था आहे. भोर-वेल्ह्याच्या मुलांना यातलं काहीही लांब नाही. या जागा आहेत एवढं मात्र त्यांना पहिल्या वर्षापासून कुणीतरी सांगायला हवं.

१०.००

उद्याच्या पहाटेसाठी एक गोष्ट निवडायची. सरांनी मागितलेलं उदाहरण रात्रीत सापडलं: एक्स वर्ग अधिक वाय वर्ग, गुणिले साइन एक भागिले त्याचंच वर्गमूळ, आणि मूळबिंदूवर शून्य. फलनाची किंमत अंतराच्या वर्गाहून मोठी होत नाही, म्हणून मूळबिंदूवर सपाट प्रतल टेकतं आणि फलन डिफरन्शिएबल आहे. पण एक्स अक्षावरून मूळबिंदूकडे येताना पार्शल डेरिव्हेटिव्हमध्ये कोसाइनचं एक पद उरतं, ते उणे एक आणि एक यांच्यामध्ये हेलकावत राहतं, आणि कंटिन्युइटी जाते. हे सरांना दाखवायचं.

पहाटेच्या कागदावर मात्र पेआनोचं फलन: एक्स गुणिले वाय, गुणिले एक्स वर्ग वजा वाय वर्ग, भागिले एक्स वर्ग अधिक वाय वर्ग, आणि मूळबिंदूवर शून्य. मूळबिंदूवर आधी एक्सनं आणि मग वायनं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर उणे एक येतं, क्रम उलटा केला तर एक. दोन्ही उत्तरं हातानं काढायची, आणि क्रम बदलला तरी उत्तर तेच राहतं या प्रमेयातली कुठली अट इथे गळते ते एका वाक्यात लिहायचं.